संशोधन पोस्टर स्पर्धेचे परीक्षण

वैज्ञानिक परिषदेत मांडलेली पोस्टर पाहून, ती मांडणाऱ्या संशोधकांशी बोलून आणि ठरलेल्या निकषांवर गुण देऊन त्यांतील उत्तम पोस्टर निवडण्याची पद्धत. पोस्टरवर एका संशोधनाचा प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि त्यांचा अर्थ एकाच मोठ्या कागदावर मांडलेला असतो. संशोधक त्याच्या शेजारी ठरलेल्या वेळी उभा राहून येणाऱ्यांना काम समजावून सांगतो. स्पर्धा बहुधा पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि नुकतीच पीएच.डी. मिळवलेल्यांसाठी असते. प्रमाणपत्र, थोडी रक्कम किंवा पुढच्या परिषदेच्या नोंदणी शुल्कात सूट असे बक्षिसाचे स्वरूप असते. रक्कम लहान असली तरी अनोळखी तज्ज्ञांनी कामाला दिलेली ही अनेकांची पहिली पावती असते, म्हणून परीक्षण काटेकोर असणे ही संयोजकांची मोठी जबाबदारी आहे.

पोस्टर सत्रे १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील परिषदांत दिसू लागली. अमेरिकेत १९७४ साली मिनियापोलिस येथे भरलेल्या जैवरसायन आणि जैवभौतिकीच्या अधिवेशनापासून ती रुळली. शोधनिबंध सादर करू इच्छिणारे झपाट्याने वाढले, सभागृहे आणि तास मात्र तेवढेच राहिले. पोस्टरमुळे एकाच दालनात शेकडो कामे एकाच वेळी मांडता येऊ लागली.

भाषणाचे परीक्षण आणि पोस्टरचे परीक्षण यांत एक मूलभूत फरक आहे. भाषण सगळे परीक्षक एकाच वेळी, एकच ऐकतात. पोस्टरसमोर मात्र प्रत्येक परीक्षक वेगळ्या वेळी येतो, वेगळे प्रश्न विचारतो आणि वेगळे संभाषण ऐकून जातो. सकाळी पहिल्या परीक्षकाशी अडखळत बोललेला विद्यार्थी तिसऱ्या परीक्षकापर्यंत सफाईदार झालेला असतो. कागद तोच असला तरी परीक्षक ज्याला गुण देतात ती गोष्ट दर वेळी थोडी बदललेली असते. निकष, परीक्षकांचे वाटप आणि गुणांची जुळवाजुळव या साऱ्या व्यवस्था मुळात याच अडचणीवर उपाय म्हणून उभ्या राहिल्या आहेत.

निकष आणि गुणपत्रक

निकषांची नावे परिषदेनुसार बदलतात, गाभा सारखाच असतो: प्रश्न स्पष्ट आहे का, पद्धत प्रश्नाला साजेशी आहे का, माहितीचे विश्लेषण बरोबर आहे का, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतात का, कामात नवे काय आहे, मांडणी वाचनीय आहे का आणि सादरकर्त्याला आपले काम किती समजले आहे. यांतील कशाला किती वजन द्यायचे यावर स्पर्धेचा स्वभाव ठरतो. शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान आणि अभियांत्रिकी मेळाव्यात, म्हणजे आयसेफमध्ये, विज्ञान प्रकल्पांसाठी वापरली जाणारी १०० गुणांची विभागणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संशोधनाच्या प्रश्नाला १०, आराखडा आणि पद्धतीला १५, माहिती गोळा करणे, विश्लेषण आणि अर्थ लावणे यांना २०, सर्जनशीलतेला २० आणि सादरीकरणाला ३५ गुण असतात. सादरीकरणाच्या ३५ पैकी पोस्टरला फक्त १० आणि मुलाखतीला २५ आहेत. कागदापेक्षा संभाषणाला अडीच पट वजन देणे योग्यच म्हणावे लागेल. सुबक पोस्टर मार्गदर्शकाच्या किंवा सहकाऱ्याच्या मदतीने तयार होऊ शकते, प्रश्नांची उत्तरे मात्र स्वतःच द्यावी लागतात.

नुसते ‘१ ते ५ पैकी गुण द्या’ असे सांगितले की प्रत्येक परीक्षक आपापली मोजपट्टी काढतो. कोणाचा ३ म्हणजे ‘बरे’, कोणाचा ३ म्हणजे ‘निराशाजनक’. त्यामुळे चांगल्या गुणपत्रकात प्रत्येक आकड्यापुढे वर्णन लिहिलेले असते. पद्धतीच्या निकषापुरते पाहिले तर ते साधारण असे असते. १: काय केले हेच कळत नाही. ३: काय केले ते कळते, पण तुलनेसाठी हाच कंट्रोल का घेतला याचे कारण सादरकर्त्याला सांगता येत नाही. ५: पद्धतीची निवड, तिच्या मर्यादा आणि वगळलेले पर्याय तिन्ही सांगता येतात. अशी वर्णने लिहायला संयोजकांना एखादी संध्याकाळ द्यावी लागते. परीक्षणाच्या संपूर्ण तयारीत त्याहून सत्कारणी लागलेला वेळ दुसरा नाही.

मांडणीच्या निकषाबाबत मतभेद आहेत. पोस्टर बहुधा ए-शून्य आकाराचे, म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर, असते आणि त्यात संपूर्ण शोधनिबंध कोंबण्याचा मोह सर्वांनाच होतो. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधकाने याविरुद्ध एक आराखडा सुचवला: मध्यभागी मोठ्या अक्षरांत मुख्य निष्कर्ष एका सोप्या वाक्यात, तपशील कडेच्या पट्ट्यांत आणि संपूर्ण निबंधासाठी क्यूआर कोड. हा आराखडा झपाट्याने पसरला, तशी त्यावर टीकाही झाली. मधली जागा एका वाक्याला दिल्यावर आलेख लहान होतात आणि परीक्षकाला पुरावा शोधत बसावे लागते, हा त्यातला मुख्य आक्षेप. परीक्षकाने कोणत्याही एका शैलीची बाजू घेऊ नये. दोन-तीन पावलांवरून अक्षर वाचता येते का, आलेखांच्या अक्षांवर एकके आहेत का, लाल-हिरव्या रंगांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांनाही आलेख कळेल का, एवढे पाहिले तरी पुरे. महागडा कागद आणि व्यावसायिक सजावट यांना गुण देणे म्हणजे प्रयोगशाळेच्या खर्चाला गुण देणे.

पोस्टरसमोरची दहा मिनिटे

एका पोस्टरला परीक्षक साधारण आठ-दहा मिनिटे देतो. पहिली दोन-तीन मिनिटे निवेदनाची, उरलेली प्रश्नांची. निवेदन पाठ करता येते, त्यामुळे खरी पारख प्रश्नांत होते.

समजा, एखाद्या औषधाने पेशींची वाढ मंदावते असा पोस्टरचा दावा आहे. दोन स्तंभांचा आलेख आहे, स्तंभांवर एरर बार (मोजमापांतली चढउतार किंवा अनिश्चितता दाखवणारी उभी रेघ), वर लक्षणीय फरक दाखवणारी तारका आणि खाली ‘एन = ६’, म्हणजे नमुन्यांची संख्या सहा. जाणता परीक्षक विचारतो, ‘‘हे सहा म्हणजे नेमके काय? वेगवेगळ्या दिवशी स्वतंत्रपणे केलेले सहा प्रयोग, की एकाच डिशमधून घेतलेली सहा मोजमापे?’’ उत्तर दुसरे असेल, तर एरर बार फक्त मोजणीतली चढउतार दाखवतो. प्रयोग पुन्हा केल्यावर हाच परिणाम मिळेल का याबद्दल तो काहीच सांगत नाही आणि तारकेचा आधारच जातो. पुढचा प्रश्न असतो, ‘‘एरर बार प्रमाण विचलनाचा आहे की प्रमाण त्रुटीचा?’’ प्रमाण विचलन म्हणजे मोजमापे सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचे माप, आणि प्रमाण त्रुटी म्हणजे ती सरासरीच किती अनिश्चित आहे याचे. सहा मोजमापांत प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाच्या सुमारे ४० टक्केच असते, त्यामुळे तिचे बार आखूड आणि माहिती नेटकी दिसते. या दोन प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत, पण विद्यार्थ्याने आलेख काढला आहे की समजून काढला आहे हे त्यातून कळते.

असाच उपयोगी प्रश्न म्हणजे ‘‘यातले तुम्ही स्वतः काय केले?’’ आजचे बहुतेक संशोधन गटाने होते आणि पोस्टरवर आठ-दहा नावे असणे नवलाचे नाही. नमुने कोणी गोळा केले, यंत्र कोणी चालवले, विश्लेषण कोणी केले हे मोकळेपणाने सांगणाऱ्याचे गुण कापू नयेत. त्याने आपल्या वाट्याचे काम किती खोलवर समजून घेतले आहे एवढेच पाहावे. ‘‘हे मला सांगता येणार नाही, पण तपासायचे झाले तर मी असा प्रयोग करीन’’ हे उत्तर रेटून दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा कितीतरी वरचे आहे. अपेक्षेविरुद्ध किंवा शून्य परिणाम मिळालेल्या कामालाही हेच लागू पडते. प्रयोग नीट आखलेला असेल, तर ‘फरक आढळला नाही’ हाही निष्कर्षच असतो.

परीक्षकांचे वाटप

प्रत्येक पोस्टर किमान तीन परीक्षकांनी पाहावे, ही सर्वसाधारण अपेक्षा. एका परीक्षकाचा लहरीपणा दोघांत उघडा पडतो, पण बरोबर कोण हे कळत नाही, म्हणून तिसरा हवा. ९० पोस्टर आणि प्रत्येकी तीन परीक्षक म्हणजे २७० भेटी. एका परीक्षकाने नऊ पोस्टर पाहायची म्हटली तर ३० परीक्षक लागतात, आणि भेटीला दहा मिनिटे धरली तर प्रत्येकाचा दीड तास जातो. एवढे परीक्षक क्वचितच मिळतात. मग काही ठिकाणी आधी पाठवलेल्या गोषवाऱ्यांवरून, नावे झाकून, पहिली चाळणी लावतात आणि निवडक पोस्टरच दालनात तपासतात. अमेरिकन जिओफिजिकल युनियन आणि युरोपियन जिओसायन्सेस युनियन यांच्यासारख्या मोठ्या संस्थांच्या वार्षिक सभांत विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी आधी नाव नोंदवायचे असते आणि सभेला आलेले शास्त्रज्ञच स्वेच्छेने परीक्षक होतात. गर्दी विभागण्यासाठी विषम क्रमांकाची पोस्टर एका तासाला आणि सम क्रमांकाची दुसऱ्या तासाला, अशीही व्यवस्था करतात.

हितसंबंध टाळणे हा वाटपाचा कळीचा भाग. स्वतःचा विद्यार्थी, सहलेखक, त्याच प्रयोगशाळेतील किंवा विभागातील व्यक्ती यांचे पोस्टर परीक्षकाकडे जाता कामा नये. पोस्टरवर नावे आणि संस्था ठळक छापलेल्या असतात, त्यामुळे शोधनिबंधांच्या समीक्षेसारखी नावे झाकण्याची सोय इथे नाही. विषयाची जवळीकही बेताची असावी. अगदी त्याच उपविषयातला परीक्षक स्वतःच्या आवडत्या पद्धतीचा आग्रह धरतो, तर फार दूरचा परीक्षक ओघवत्या बोलण्याने भारावतो. तिघांपैकी दोघे विषयातले आणि एक शेजारच्या विषयातला, ही जुळणी चांगली चालते.

पूर्वग्रह

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य वेगवेगळे जोखत असले तरी त्यांनी दिलेले गुण एकमेकांना फार चिकटून असतात. एका गुणाची चांगली छाप पडली की ती बाकी सगळ्यांवर पसरते. याला प्रभावळ परिणाम म्हणतात. पोस्टरबाबत ही छाप देखण्या मांडणीची असते, नामांकित प्रयोगशाळेची असते, आणि सर्वांत जास्त असते ती ओघवत्या भाषेची. परिषदेची भाषा जिची मातृभाषा नाही, ती विद्यार्थिनी शब्द शोधत बोलते आणि ‘समज’ या रकान्यात तिचे गुण जातात. हा अन्याय वारंवार घडतो आणि तो टाळता येण्याजोगा आहे. परीक्षकाने प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारावा, उत्तराला वेळ द्यावा, आलेखावर बोट ठेवून समजावू द्यावे. शिवाय विज्ञानाचे गुण निवेदन सुरू होण्याआधी, नुसते पोस्टर वाचून पेन्सिलीने मांडून ठेवले, तर बोलण्याचा त्यांवरचा पगडा कमी होतो.

क्रमाचाही परिणाम होतो. पहिल्या पोस्टरला परीक्षक जपून गुण देतो, पुढे चांगले आले तर जागा असावी म्हणून. शेवटच्या पोस्टरपर्यंत तो थकलेला असतो. तीन परीक्षकांनी तीच पोस्टर वेगवेगळ्या क्रमाने पाहिली की हे बरेचसे समतोल होते.

गुणांची जुळवाजुळव

सढळ परीक्षक आणि कडक परीक्षक यांचे गुण सरळ मिळवले, तर ज्याच्या वाट्याला सढळ परीक्षक आला तो जिंकतो. एका परीक्षकाची सरासरी ८५ आणि प्रमाण विचलन ३ आहे, दुसऱ्याची सरासरी ६० आणि विचलन ८. पहिल्याने एका पोस्टरला ८८ दिले, दुसऱ्याने दुसऱ्या पोस्टरला ७२. दिसायला पहिले सोळा गुणांनी पुढे आहे. सरासरीपासूनचे अंतर विचलनाने भागले की पहिले १ आणि दुसरे १.५ येते, म्हणजे आपापल्या परीक्षकाच्या नजरेत दुसरे अधिक सरस आहे. परीक्षकाने चार-पाचच पोस्टर पाहिली असतील तर ही रीतही डळमळीत होते, कारण त्याच्या वाट्याला खरोखरच उत्तम पोस्टर आलेली असू शकतात. अशा वेळी गुणांऐवजी क्रम घेऊन अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती बोर्दा याच्या पद्धतीने क्रमांकांची बेरीज करतात. क्रमामुळे परीक्षकाचा सढळपणा बाद होतो, पण एखाद्याच्या वाट्याला सगळी सरस पोस्टर आली असतील तर ती अडचण तशीच उरते.

दशांशातल्या फरकावरून पहिला आणि दुसरा ठरवणे मात्र कोणत्याही गणिताने समर्थनीय होत नाही. एकाच पोस्टरला तीन परीक्षकांनी दिलेल्या गुणांतच कितीतरी अंतर असते, त्यापुढे ८६.३ आणि ८६.१ यांतला फरक निरर्थक आहे. समंजस संयोजक गुणांचा उपयोग पहिली पाच-सहा पोस्टर वेगळी काढण्यापुरता करतात. मग दोन-तीन ज्येष्ठ परीक्षक एकत्र फिरून ती पुन्हा पाहतात आणि चर्चेने निकाल लावतात. या फेरीत सगळे परीक्षक अखेर एकच संभाषण ऐकतात. बरोबरी राहिलीच तर बक्षीस विभागून द्यावे. उपस्थितांच्या मतांवरचे लोकप्रिय पोस्टर हे बक्षीस वेगळे ठेवावे, कारण त्यात ओळखीपाळखीचा वाटा मोठा असतो.

२०२० नंतर अनेक परिषदा ऑनलाइन झाल्या आणि पोस्टरसोबत छोटे ध्वनिचित्रमुद्रण जोडण्याची पद्धत वाढली. सर्व परीक्षक तेच निवेदन पाहतात, ही त्यातली जमेची बाजू. पण मुद्रण हवे तितक्या वेळा पुन्हा करता येते, म्हणून थेट प्रश्नोत्तरांची वेगळी वेळ ठेवावी लागते.

निकाल बहुधा समारोपात जाहीर होतो आणि गुणपत्रके संयोजकांच्या फायलीत राहतात. काही परिषदा परीक्षकांची नावे वगळून लेखी अभिप्राय प्रत्येक स्पर्धकाला पाठवतात, आणि ही प्रथा सर्वत्र यायला हवी. ‘छान काम’ या शेऱ्याचा कोणालाच उपयोग नसतो. ‘तिसऱ्या आलेखात नमुन्यांची संख्या नाही; कंट्रोल गटाची मोजमापेही दाखवा’ असे दोन ओळींत लिहिलेले असले, तर बक्षीस न मिळालेल्या विद्यार्थ्यालाही शोधनिबंध पाठवण्यापूर्वी दुरुस्ती करता येते. त्यासाठी गुणपत्रकावर अभिप्रायाची जागा सक्तीची ठेवावी आणि परीक्षकाला दोन भेटींच्या मध्ये लिहायला दोन मिनिटे मोकळी द्यावीत.