घरगुती कामासाठी मोफत कॅड: 2020 च्या सप्टेंबरची पार्श्वभूमी

घरात थ्रीडी प्रिंटर आला की आठवड्याभरात प्रश्न उभा राहतो: कॅड, म्हणजे वस्तूचा आराखडा संगणकावर करायचं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यायचं? उत्तरं बहुतेक दोनच येतात, फ्यूजन किंवा फ्रीकॅड. दोन्ही गोटांतले लोक ‘आमचं फ्रीच आहे की’ असं छातीठोकपणे सांगतात. मराठीत मोफत आणि मुक्त हे शब्द सरळ वेगळे आहेत: फ्यूजन मोफत, म्हणजे पैसे न घेता पण कंपनीच्या अटींवर मिळणारं; फ्रीकॅड मुक्त, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं. तरी बोलताना आपण फ्रीच म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

जुना काळ थोडक्यात. 1982 च्या अखेरीस ऑटोकॅड आलं आणि कॅड साध्या पीसीवर उतरलं, पण घरच्या माणसाच्या खिशात काही उतरलं नाही. आपल्याकडे तर क्लासमध्ये शिकायचं आणि घरी कुणाकडून तरी आणलेली सीडी टाकायची, हाच रिवाज होता. त्यामुळे ‘मोफत कॅड’ हा प्रश्नच फार जणांना पडला नाही. तो पडू लागला 2006 मध्ये स्केचअपची मोफत आवृत्ती आल्यावर. सुतारकाम करणाऱ्या हौशी लोकांनी ती उचलून धरली. मग 2009 मध्ये प्लास्टिकचा धागा वितळवून थर रचण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं, स्वस्त प्रिंटर घराघरांत शिरले, आणि मिलिमीटरचा हिशेब चुकू न देणारं कॅड अचानक हजारोंना हवंसं झालं.

ऑटोडेस्क कंपनीचं फ्यूजन 360 नेमकं याच वेळी, 2013 मध्ये आलं. पॅरामेट्रिक मॉडेलिंग (माप बदललं की आकार आपोआप बदलतो), सीएनसीचे टूलपाथ (संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीनमधल्या कटरचा मार्ग), सिम्युलेशन (भाग ताण सोसेल का याची संगणकावरच चाचणी), सगळं एका जागी. हौशी लोक आणि वर्षाला 1,00,000 डॉलरच्या आत कमावणारे छोटे उद्योग यांना एकाच दाराने मोफत प्रवेश होता. अट एवढीच की फाइली कंपनीच्या क्लाउडवर राहणार. त्या काळात शिकवण्याचे जे व्हिडिओ निघाले, त्यांतले कितीतरी याच सॉफ्टवेअरवरचे. एका पिढीचा हात त्यावरच बसला.

आणि मग सप्टेंबर 2020. महिन्याच्या मध्याला घोषणा झाली की 1 ऑक्टोबरपासून वैयक्तिक वापराच्या परवान्यातून बऱ्याच गोष्टी जाणार. सिम्युलेशन गेलं, दुसऱ्या कॅडमध्ये नेण्यासाठीच्या आयजेस आणि सॅट फॉरमॅटमध्ये फाइल काढणं गेलं, ड्रॉइंग एकाच शीटपुरतं उरलं. एका वेळी संपादन करता येणाऱ्या फाइली फक्त दहा. ही अट प्रत्यक्षात जानेवारी 2021 मध्ये लागू झाली.

या दहाच्या आकड्यावर सगळ्यात जास्त आरडाओरड झाली, आणि खरं सांगायचं तर ती थोडी अस्थानी होती. अकराव्या फाइलला कुणी हात लावत नव्हतं. ती फक्त वाचण्यापुरती राहते, आणि दुसरी एखादी बाजूला ठेवली की हिला पुन्हा उघडता येतं. कटकट आहे, जप्ती नाही. सीएनसीवाल्यांचं दुखणं जास्त खरं होतं. कटर हवेतून जाताना मशीन जी वेगवान हालचाल करते, ती रॅपिड, तीच काढून टाकली. आता कटर रिकाम्या हवेतूनही लाकूड कापतानाच्याच गतीने चालणार. वीस मिनिटांचं काम रेंगाळतं, पण होतं. हौशी माणूस चहा पिऊन येईल; ज्याला रोज पन्नास तुकडे काढायचे आहेत त्याला ते परवडणार नाही. नेम कुणावर होता हे कळायला कंपनीच्या निवेदनाची गरज नव्हती.

पण मर्म होतं स्टेप फाइलमध्ये. मूळ घोषणेत स्टेपचं एक्स्पोर्टही बंद होणार होतं. प्रिंटरसाठी काढतात त्या एसटीएल फाइलमध्ये फक्त त्रिकोण असतात. प्रिंटरला ते पुरतं, पण भोक 5 चं 6 मिमी करायचं म्हटलं की रडकुंडीला यायला होतं. स्टेपमध्ये पृष्ठभाग नेमके राहतात आणि दुसऱ्या कुठल्याही कॅडमध्ये ती उघडून पुढचं काम करता येतं. ती बंद म्हणजे घराबाहेर पडायचं दार बंद. एवढा गदारोळ झाला की सप्टेंबर संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि स्टेप राहू दिलं. अनेकांनी हा विजय मानला. मात्र स्टेपमध्येही मॉडेल कसं घडलं त्याचा क्रम, म्हणजे टाइमलाइन, येत नाही. सामान बाहेर काढता येतं, घराचा नकाशा आतच राहतो.

‘वैयक्तिक’ म्हणजे काय, हाही वाद तेव्हापासून धुमसतो आहे. हौशी परवाना छोट्या उद्योगांपासून वेगळा काढला गेला आणि त्याची मर्यादा वर्षाला 1,000 डॉलर उत्पन्नाची ठरली. गणपतीच्या आधी चार मखरं विकणारा हौशी की धंदेवाला? परवान्याच्या भाषेत तो आकड्याच्या आत आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्नच निघत नाही. विका, वाटा, विचारायला कुणी येत नाही.

हा प्रकार पहिलाच होता असंही नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑनशेप या कॅडने 2016 मध्ये मोफत खात्यावरच्या नव्या फाइली सगळ्यांना दिसतील अशी अट घातली. स्केचअपची उतरवून घेण्याजोगी मोफत आवृत्ती 2017 नंतर निघालीच नाही, उरली ब्राउझरमधली. टूडी ड्राफ्टिंगसाठी लोकप्रिय असलेल्या ड्राफ्टसाइटची मोफत आवृत्ती 2019 सरताना चालायची थांबली.

फ्रीकॅड या सगळ्याच्या आधीचं, 2002 पासूनचं. त्याचा भूमितीचा गाभा, म्हणजे आकारांचं गणित करणारा कोड, 1999 मध्ये एका फ्रेंच कंपनीने खुला केलेला. तरी वर्षानुवर्षं लोक ते उघडून बंद करत, आणि त्यांना दोष देता येत नाही. आतमध्ये प्रत्येक पृष्ठाला, कडेला नुसता क्रमांक असे. ज्यावरून मॉडेल उभं राहतं त्या सुरुवातीच्या स्केचमध्ये एक रेघ वाढवली की क्रमांक सरकत, आणि सहाव्या कडेला दिलेली गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसे. यावर इलाज एका स्वयंसेवकाने स्वतःच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे फ्रीकॅडच्या कोडच्या स्वतंत्र प्रतीत, आधीच करून ठेवला होता; मुख्य प्रकल्पात तो यायला वर्षं गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 आलं, सुरुवातीपासून बावीस वर्षांनी. त्यात हा इलाज होता आणि सुटे भाग जोडायचं अंगचं असेंब्ली वर्कबेंचही (वर्कबेंच म्हणजे एका प्रकारच्या कामाच्या साधनांचा संच). त्या वर्कबेंचवर बरंच काम केलेली, फ्रीकॅडभोवती उभी राहिलेली एक छोटी कंपनी त्याच सुमारास बंद पडली. वर्कबेंच मात्र फ्रीकॅडमध्येच राहिलं.