कोड ब्लूमध्ये ऑर्डर कोणी द्यायची?

हॉस्पिटलच्या स्पीकरवर 'कोड ब्लू, तिसरा मजला' (म्हणजे तिथे कोणाचं तरी हार्ट बंद पडलंय) असं ऐकू आलं की सगळा स्टाफ धावत सुटतो, आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं की आता मोठे डॉक्टर आले की खरी ट्रीटमेंट सुरू होणार. तसं नसतं हो. वॉर्डात हार्ट बंद पडलं तर पहिली दोन-तीन मिनिटं बहुतेक वेळा सिस्टरच्याच हातात असतात, आणि ती गेली की गेली.

आज आपण छाती दाबतो ती पद्धत 1960 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी जगापुढे मांडली, कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर. गंमत म्हणजे यात डॉक्टर एकटे ज्यूड, बाकी दोघं इंजिनीअरिंगवाले! नियम तर आता सगळ्यांना पाठ आहेत, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि दरवेळी पूर्ण वर येऊ द्यायची. ते वर येणं का महत्त्वाचं, तर हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हात वर उचलला जातो तेव्हा, आणि त्यासाठी लागणारं प्रेशर एकदम येत नाही, बऱ्याच दाबांनंतर हळूहळू चढतं आणि हात थांबले की काही सेकंदांत खाली. म्हणजे कोणी 'जरा थांबा, पल्स बघतो' म्हणून वीस सेकंद घालवली की कमावलेलं सगळं पाण्यात, परत पहिल्यापासून. म्हणून थांबायचंच असेल तर 10 सेकंदांच्या आत काम उरकायचं.

मग हात थांबतात का? स्वित्झर्लंडमध्ये बेसलच्या संशोधकांनी हे पुतळ्यावर तपासलं, म्हणजे श्वास घेणारा, मॉनिटर लावलेला सिम्युलेटर, आणि त्याचं हृदय मध्येच बंद पाडायचं. काही डॉक्टरांची टीम आधीपासून एकत्र होती, काहींची ऐनवेळी जमली, एकेक जण येत गेला तशी. ज्ञान तेवढंच, माणसं तेवढीच, तरी ऐनवेळी जमलेल्या टीमचे हात सुरुवातीच्या मिनिटांत छातीवर कमी वेळ राहिले आणि हृदयाला द्यायचा विजेचा शॉकही उशिरा दिला गेला. कारण वेळ जातो तो 'कोण काय करणार' यात, आणि ते मोठ्याने कोणी बोलतच नाही.

त्याच गटाचं आधीचं एक काम मला जास्त आवडतं. त्यात आधी फक्त सिस्टर्स, मग ज्युनिअर डॉक्टर, मग सिनिअर, असे टप्प्याटप्प्याने आत आणले होते, अगदी खऱ्या वॉर्डासारखं. एकट्या असताना ज्या सिस्टर्स सरळ 'तू दाब, तू बॅग (श्वास द्यायचा फुगा) धर' असं सांगत होत्या, तिथे काम चांगलं झालं. ज्युनिअरनेही आल्याआल्या ऑर्डर दिल्या तर फायदा. सिनिअरचं मात्र वेगळं, त्यांनी हुकूम सोडण्यापेक्षा प्रश्न विचारले, 'रिदम (मॉनिटरवरची ठोक्यांची लय) काय आहे? शॉक दिला का?', तर टीम जास्त सुधारली. आपल्याकडे 'सर येऊ दे मग बघू' ही सवय इतकी मुरलेली आहे की हे वाचून बऱ्याच जणांना मिरची लागेल, लागू दे.

बरी टीम काम करताना कशी दिसते? लीडर शक्यतो पेशंटच्या पायाकडे उभा, हात कशालाच न लावता, कारण त्याने सुई टोचायला मान खाली घातली की मॉनिटरकडे बघणारं कोणी उरत नाही. औषध सांगायचं ते नाव घेऊन, म्हणजे 'कोणीतरी ॲड्रेनालिन द्या' असं नाही (कोणीतरी म्हणजे कोणीच नाही!), तर 'सिस्टर स्मिता, ॲड्रेनालिन 1 एमजी आयव्ही' (आयव्ही म्हणजे शिरेतून), त्यावर ती म्हणणार 'ॲड्रेनालिन 1 एमजी आयव्ही देते', आणि दिल्यावर परत 'दिलं'. लिहिणारी दुसरी सिस्टर वेळ टाकते, कारण पुढचा डोस 3 ते 5 मिनिटांनी असतो आणि त्या गडबडीत पाच मिनिटं कधी दोन वाटतात, कधी वीस.

दाबणारा दर 2 मिनिटांनी बदलायचा, तो 'मी ठीक आहे' म्हणाला तरी. दमल्याचं त्याला कळायच्या आधीच दाब उथळ व्हायला लागतो, ते शेजारच्यालाच दिसतं, आणि तो शेजारचा वॉर्डबॉय असला तरी त्याने 'सर, कमी जातंय' म्हणायचं, आणि सरांनी 'बरं' म्हणून बाजूला व्हायचं.