ऑप्टिकल सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ओएसएनआर)

फायबरमधून आलेल्या प्रकाशात कामाचा सिग्नल किती आणि त्यात मिसळलेला नॉइज किती, याचे डेसिबलमध्ये (डीबी) मांडलेले गुणोत्तर. पुण्यात रस्ताखोदाईत केबल तुटली की जोडणीनंतर पहिला प्रश्न येतो, ‘पॉवर किती येतेय?’ शहरातल्या छोट्या लिंकला तेवढे पुरते. लांब पल्ल्याला तेच उत्तर फसवते, कारण पॉवर मीटर सिग्नल आणि नॉइज यांची बेरीज दाखवतो.

१५५० नॅनोमीटरला फायबर किलोमीटरमागे सुमारे ०.२ डीबी प्रकाश खाते. १०० किमीला २० डीबी, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. तो वाढवायला अर्बियमयुक्त फायबरचा ॲम्प्लिफायर (ईडीएफए) लावतात. हे तंत्र १९८७ मध्ये पुढे आले. त्यातले उत्तेजित अर्बियम आयन सिग्नल वाढवतात, तसा आपणहूनही प्रकाश सोडतात. हाच नॉइज, आणि पुढचा प्रत्येक ॲम्प्लिफायर त्यालाही वाढवतो. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकातून फोन केला, तर पलीकडच्याने आवाज मोठा करून उपयोग नसतो. बोलण्याबरोबर ढोलही वाढतो.

पुणे–नागपूर साधारण ७०० किमी. शंभर-शंभर किमीचे सात टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी ॲम्प्लिफायर, चॅनेलमागे (म्हणजे एका तरंगलांबीवरच्या सिग्नलमागे) ० डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅट, पॉवर आणि ५ डीबी नॉइज फिगर (ॲम्प्लिफायर स्वतः किती नॉइज भरतो त्याचे माप) धरू. ०.१ नॅनोमीटरच्या पट्ट्यात मोजताना पहिल्या टप्प्यानंतर ५८ − २० − ५ = ३३ डीबी मिळतात; सातव्यानंतर नॉइज सातपट होतो, म्हणून सुमारे २४.५. (यातला ५८ हा या पट्ट्यासाठीचा ठरलेला आकडा.) चॅनेलची पॉवर मात्र सातही ठिकाणी ० डीबीएमच!

मोजणी ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझरवर होते. पडद्यावर चॅनेलची टोके उभी दिसतात, खाली नॉइजची पातळी. टोकाच्या पोटातला नॉइज दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना वाचून सरासरी घेतात. वाटेत चॅनेल वेगळे करणारे फिल्टर असतील, तर ते बाजूचा नॉइज छाटतात आणि आकडा खोटा चांगला येतो. तिथे चॅनेल क्षणभर बंद करून त्याच जागेचा नॉइज मोजणे अधिक खात्रीचे, पण चालू वाहतुकीवर ते जमत नाही.

डिस्पर्शनने (वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने गेल्याने) सिग्नल विस्कटला तर ते ओएसएनआरमध्ये दिसत नाही. त्यासाठी आय डायग्राम (बिटांचे आकार एकमेकांवर ठेवून काढलेले चित्र), क्यू-फॅक्टर (० आणि १ किती स्पष्ट वेगळे आहेत त्याचे माप) आणि बीईआर (चुकलेल्या बिटांचे प्रमाण) आहेत. साध्या ऑन-ऑफ सिग्नलला क्यू ६ म्हणजे अब्ज बिटांत साधारण एक चूक. आजचे कोहेरंट (प्रकाशाची कलाही वाचणारे) रिसीव्हर चुका स्वतःच दुरुस्त करतात, त्यामुळे लिंक कोसळेपर्यंत ग्राहकाला शून्य चुका दिसतात. म्हणून दुरुस्तीपूर्वीचा बीईआर नोंदवून ठेवावा. खोदाईनंतरच्या कच्च्या स्प्लाइसने (फायबरच्या जोडाने) १ डीबी खाल्ला, तरी पुढचा ॲम्प्लिफायर आपली आउटपुट पॉवर राखतो. बिघाड दिसतो तो या नोंदीत.