प्राचीन चिनी कांस्यशस्त्रे संग्राहकांकडे कशी आली

जुनी कांस्ये जमवण्याचा आणि त्यांवरचे लेख वाचण्याचा छंद चीनमध्ये सोंग राजवटीतच विद्वत्तेच्या दर्जाला पोहोचला होता. विद्वान ल्यू दालिन यांनी १०९२ मध्ये अशा वस्तूंची सचित्र सूची केली आणि पुढे सम्राट हुइझोंग यांच्या दरबारी संग्रहाचीही सूची तयार झाली. पूर्वजपूजेची भांडी आणि त्यांवरचे लेख यांतून या मंडळींना प्राचीन आचार पुन्हा उभा करायचा होता; शस्त्रांना त्यात दुय्यम स्थान मिळाले.

हा क्रम शस्त्रांवर थोडा अन्यायच करणारा होता, कारण ती निव्वळ लढाईची हत्यारे नव्हती. लाकडी दांड्याला काटकोनात बसवलेले टोकदार पाते, ज्याला चिनी भाषेत ‘गे’ म्हणतात, ते हेनान प्रांतातील अर्लिटोऊ येथील आरंभीच्या कांस्यवस्तूंतही आढळते आणि त्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळ ते वापरात राहिले. हेनानमधीलच आन्यांग येथे १९७६ मध्ये शांग राजवटीतील राणी फू हाओचे चोरांचा हात न लागलेले थडगे उघडले, तेव्हा त्यात १३० हून अधिक शस्त्रे निघाली. त्यांतला एक परशू सुमारे ९ किलोंचा आहे. एवढे ओझे हाती घेऊन कोणी लढत नाही, तो सैन्यावरील अधिकाराचे चिन्ह असणार. छिन राज्यात तर शस्त्रांवर राज्यवर्ष, देखरेख करणारा अधिकारी आणि कारागीर यांची नावे कोरत, म्हणजे नग सदोष निघाल्यास कोणाला धरायचे ते आधीच ठरलेले असे. प्रधान ल्यू बुवेइ यांचे नाव असलेली पाती शिआनजवळ पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या सैन्यासोबत सापडली आहेत. याच राज्याने इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकत्र केल्यावर देशभरची शस्त्रे गोळा करून वितळवली आणि त्यांतून १२ प्रचंड पुतळे ओतले, असे प्राचीन इतिहासकार सिमा छिआन सांगतो. आज हाती असलेली बहुतेक शस्त्रे जमिनीखालून आलेली आहेत ती यामुळेही.

जमिनीखालचा हा साठा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात येऊ लागला. हेनानमधून रेल्वेमार्ग टाकताना जुनी थडगी उघडी पडली, लुटारूंनी आणखी खणली, आणि पॅरिस व न्यूयॉर्क येथे पेढ्या असलेल्या सी. टी. लू यांच्यासारख्या व्यापाऱ्यांमार्फत माल पाश्चात्त्य संग्रहांत गेला. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयातील दोन शस्त्रांची कथा या व्यवहाराचा नमुनाच आहे. ती १९३१ मध्ये हेनानमधील एका थडग्यातून निघालेल्या गटातली असल्याचे सांगितले जाते, म्हणजे उत्खननाची नोंद नाही, विक्रीसोबत आलेली माहिती तेवढी आहे. कांस्याच्या मुठीत बसवलेली त्यांची पाती लोखंडी आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एवढ्या जुन्या काळात चीनमध्ये लोखंड आले कुठून, या कोड्याचे उत्तर १९७१ च्या अभ्यासात मिळाले की ते उल्केचे लोखंड आहे. धातूने आपली हकिगत सांगितली, थडग्याची हकिगत मात्र गेली ती गेलीच.

मागणी वाढली तशी नकलाही वाढल्या. शांडोंगमधील वेइशिआन हे गाव यासाठी विशेष नावाजलेले होते. सगळ्यांत फसवी युक्ती म्हणजे खऱ्या, पण कोऱ्या पात्यावर नवा लेख कोरणे, कारण धातू आणि गंज दोन्ही अस्सल असल्याने संशय एकट्या अक्षरांवरच घ्यावा लागतो. मातीच्या सैन्यासोबतच्या शस्त्रांच्या चकाकीमागे क्रोमचा मुलामा असल्याचे अनेक वर्षे मानले जाई. २०१९ मध्ये ते क्रोमियम शेजारच्या वस्तूंवरील लाखेच्या लेपातून आल्याचे दाखवून दिले गेले. आसपासची माती आणि वस्तू जागच्या जागी होत्या म्हणूनच हे उकलले, जे दुकानातल्या धुऊन-पुसून ठेवलेल्या पात्याबाबत शक्य नाही.

चीनने १९३० मध्ये पुरातन वस्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला, तरी अंतर्गत युद्धे आणि जपानी आक्रमण यांत त्याची अंमलबजावणी ढिलीच राहिली. १९८२ च्या कायद्याने जमिनीखालचा सर्व पुरातन ठेवा राज्याच्या मालकीचा ठरवला. १९८९ मध्ये चीन सांस्कृतिक वस्तूंचा बेकायदा व्यापार रोखणाऱ्या युनेस्कोच्या १९७० च्या करारात सामील झाला. आणि २००९ मध्ये अमेरिकेने तांग राजवटीच्या अखेरपर्यंतच्या (इ.स. ९०७) चिनी पुरातत्त्वीय वस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले. आता जाणकार खरेदीदार पात्याची धार आणि गंज पाहण्याआधी ते चीनबाहेर कधी आले, याचा कागद मागतो.