मेस्नर, टॅमी फे

मेस्नर, टॅमी फे (७ मार्च १९४२ – २० जुलै २००७) : अमेरिकन ख्रिस्ती गायिका व दूरचित्रवाणी निवेदिका. दूरचित्रवाणीवरून धर्मप्रचार करणारे जिम बेकर यांच्या पहिल्या पत्नी म्हणून त्या घराघरांत पोहोचल्या आणि १९८७ मध्ये बेकर यांच्या संस्थेतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर त्यांच्याबरोबर बदनामही झाल्या. त्यानंतरची वीस वर्षे त्या लोकांच्या नजरेसमोरच राहिल्या. त्यांच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका गाजला नाही, पण त्याहून अधिक मोलाचा आहे. म्हणून या नोंदीत त्यावरच भर दिला आहे.

कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यातील इंटरनॅशनल फॉल्स या गावी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव टॅमेरा फे लाव्हॅली. आईवडील दोघेही पेंटेकोस्टल या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे प्रचारक होते, पण मुलगी लहान असतानाच ते विभक्त झाले. आईने दुसरे लग्न केले आणि घरात आठ भावंडे झाली. टॅमी सर्वांत थोरल्या. घटस्फोटिता म्हणून मंडळीतील (चर्चच्या सभासद-समूहातील) लोक आईला दूर ठेवत. ज्या चर्चवर आईची श्रद्धा होती तिथेच तिला कमी लेखले जाते, हे या मुलीने फार लवकर पाहिले. पुढे चर्चने बाहेर ठेवलेल्या माणसांशी त्या जशा वागल्या, त्याचे मूळ इथे असावे असे वाटते.

मिनियापोलिसच्या बायबल महाविद्यालयात त्यांची जिम बेकर यांच्याशी भेट झाली आणि १ एप्रिल १९६१ रोजी दोघांनी लग्न केले. गावोगाव फिरून प्रचार करताना मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ सुरू झाला. त्याच खेळामुळे दूरचित्रवाणी धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांच्या व्हर्जिनियातील वाहिनीवर त्यांना जागा मिळाली. १९७४ पासून उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथे त्यांचा स्वतःचा ‘पीटीएल (प्रेज द लॉर्ड) क्लब’ हा कार्यक्रम उभा राहिला, उपग्रहावरून तो देशभर दिसू लागला आणि दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट मिल येथे ‘हेरिटेज यूएसए’ हे ख्रिस्ती करमणूक व विश्रामनगर वसवले गेले. भेट देणाऱ्यांच्या संख्येत डिस्नेच्या दोन उद्यानांनंतर त्याचेच नाव घेतले जाई. या जोडप्याला टॅमी स्यू ही मुलगी आणि जे हा मुलगा.

मार्च १९८७ मध्ये जिम बेकर यांनी राजीनामा दिला. जेसिका हान या चर्चच्या माजी कर्मचारी महिलेशी १९८० मध्ये आलेला शारीरिक संबंध आणि तिने गप्प राहावे म्हणून संस्थेच्या पैशातून दिलेली मोठी रक्कम यांची बातमी ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ हे वृत्तपत्र छापण्याच्या बेतात होते. (हानने तो प्रकार बळजबरीचा होता असे सांगितले, बेकर यांनी ते नाकारले.) असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाने त्यांचे पाळकपद (धर्मोपदेशकाचे पद) काढून घेतले, जेरी फॉल्वेल या दुसऱ्या दूरचित्रवाणी धर्मप्रचारकाने संस्थेचा ताबा घेतला आणि जूनमध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. खटल्यातील मूळ आरोप मात्र पैशाचा होता. १,००० डॉलर देणाऱ्याला दरवर्षी तीन रात्री विनामूल्य राहता येईल, अशा ‘आजीव भागीदाऱ्या’ हॉटेलच्या खोल्यांत सामावतील त्यापेक्षा कितीतरी अधिक विकल्या गेल्या होत्या. ऑक्टोबर १९८९ मध्ये बेकर २४ आरोपांवर दोषी ठरले आणि त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना स्वतःच्या धर्मभावनेला वाव दिला, असे म्हणत वरिष्ठ न्यायालयाने १९९१ मध्ये ती रद्द केली. पुढे शिक्षा कमी होत गेली आणि १९९४ मध्ये ते सुटले.

टॅमी फे यांच्यावर कोणताही खटला भरला गेला नाही. पण लोकांच्या दरबारात त्यांना वेगळीच शिक्षा झाली. जाड मस्करा, लांब खोट्या पापण्या आणि गालांवरून ओघळणारे काळे अश्रू यांची नक्कल विनोदी कार्यक्रमांत रोज होऊ लागली. मॉलमध्ये टॅमी फे यांच्याशी धडक झाल्याचे सांगणारे, रंगांचा फराटा छापलेले टी-शर्ट विकले गेले. नवऱ्याच्या गुन्ह्याचे हिशेब न्यायालयात तपासले जात असताना बायकोचा चेहरा देशभर थट्टेचा विषय झाला, हा अन्यायच होता. अर्थात संस्थेच्या पैशातून आलेली घरे, गाड्या आणि दागिने त्यांनीही उपभोगले होते. निवृत्तिवेतनातून पैसे काढून भागीदारी घेणाऱ्या वृद्ध देणगीदारांचे नुकसान त्यांच्या कोणत्याही सद्गुणाने भरून निघत नाही. खटला झाला नाही म्हणून नैतिक जबाबदारी संपत नाही आणि जबाबदारी होती म्हणून ती थट्टा न्याय्य ठरत नाही.

नवरा तुरुंगात गेल्यावर फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे दोघांनी नुकतीच सुरू केलेली छोटी मंडळी त्यांनी एकटीने चालवली. लाखो प्रेक्षकांची सवय असलेली ही बाई आता मूठभर लोकांसमोर गात आणि प्रार्थना करत होती. १९९२ मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला. सगळे ठीक असल्याचे आपण वर्षानुवर्षे भासवत आलो आणि आता ते जमत नाही, असे त्यांनी आपल्या मंडळीला पत्राने कळवले. तुरुंगातल्या नवऱ्याला सोडले म्हणून पुष्कळ श्रद्धाळूंनी त्यांना दोष दिला. आईच्या वाट्याला जे आले तेच आता लेकीच्या वाट्याला आले.

३ ऑक्टोबर १९९३ रोजी त्यांनी रो मेस्नर यांच्याशी लग्न केले. मेस्नर हे कॅन्ससचे, चर्चच्या इमारती बांधणारे कंत्राटदार. हेरिटेज यूएसए त्यांनीच उभारले होते आणि हानला दिलेली रक्कमही त्यांच्यामार्फतच फिरवली गेली होती. म्हणजे जुन्या प्रकरणापासून हे नवे घर फार लांब नव्हते. स्वतःच्या दिवाळखोरीच्या प्रकरणात मालमत्ता लपवल्याबद्दल मेस्नर दोषी ठरले, त्यांना २७ महिन्यांची शिक्षा झाली आणि टॅमी फे यांचा दुसरा नवराही तुरुंगात गेला. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. जिम जे. बुलक या समलिंगी विनोदी अभिनेत्याबरोबर त्या तेव्हा दूरचित्रवाणीवर गप्पांचा कार्यक्रम करत होत्या. आजारामुळे तो सोडावा लागला.

बुलकबरोबर काम करणे ही अचानक सुचलेली गोष्ट नव्हती. नोव्हेंबर १९८५ मध्ये, संस्था वैभवात असताना, त्यांनी आपल्या कार्यक्रमात स्टीव्ह पीटर्स या समलिंगी पाळकाची उपग्रहाद्वारे मुलाखत घेतली होती. पीटर्स यांना एड्स झाला होता. त्या काळात एड्सच्या रुग्णाला हात लावायलाही लोक घाबरत आणि अनेक प्रचारक त्या रोगाला देवाचा कोप म्हणत. मुलाखतीतले काही प्रश्न आज ऐकले तर भाबडे, किंबहुना अवघड वाटतात; स्त्रियांशी संबंधाची संधी पुरेशी घेतली का, असेही त्यांनी विचारले. पण याच मुलाखतीत त्या रडल्या आणि ख्रिस्ती माणसांनी अशा रुग्णाला मिठी मारायची सोडून त्याची भीती बाळगावी, याबद्दल त्यांनी आपल्या प्रेक्षकांना सुनावले. देणग्यांवर चालणाऱ्या कार्यक्रमात हे बोलणे जोखमीचे होते. पीटर्स त्या आजारातून तगले आणि २०२३ पर्यंत जगले.

सर्व काही गेल्यावर समलिंगी लोकच आपल्या मदतीला धावून आले, असे टॅमी फे पुढे वारंवार सांगत. समलिंगी लोकांच्या ‘प्राइड’ सोहळ्यांत त्या जाऊ लागल्या. त्यांच्यासारखा वेश करून आलेल्या पुरुषांच्या घोळक्यात त्या मनापासून रमत. यासाठी त्यांनी धर्म सोडला नाही की मते बदलल्याची घोषणा केली नाही. पेंटेकोस्टल श्रद्धेची ही बाई शेवटपर्यंत बायबल हाती घेऊनच बोलत राहिली. फक्त समोरच्याला आधी सुधारून मग जवळ घ्यायचे, ही अट तिने काढून टाकली. त्यांचा मुलगा जे हाही पाळक झाला. त्याने पारंपरिक चर्चमध्ये न रमणाऱ्यांसाठी ‘रेव्होल्यूशन’ ही मंडळी काढली आणि पुढे समलिंगी विवाहालाही उघड पाठिंबा दिला.

२००० साली फेंटन बेली आणि रँडी बार्बाटो यांचा ‘द आइज ऑफ टॅमी फे’ हा माहितीपट आला. त्याचे निवेदन रूपॉल या प्रसिद्ध ड्रॅग (स्त्रीवेशात कार्यक्रम करणाऱ्या) कलाकाराने केले होते. ज्यांनी त्यांना फक्त नकलांमधून ओळखले होते, अशा तरुण प्रेक्षकांना त्यात माणूस म्हणून टॅमी फे दिसल्या. पापण्या उतरवायला त्यांनी इथेही नकार दिला. २००४ मध्ये ‘द सररिअल लाइफ’ या रिअॅलिटी कार्यक्रमात त्या अनेक जुन्या-नव्या नामवंतांसह एका घरात राहिल्या. त्यात प्रौढ चित्रपटांतला एक नटही होता. त्यांनी कुणालाही उपदेशाचे डोस पाजले नाहीत आणि सगळ्यांशी त्यांचे जमले.

त्याच वर्षी कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे त्यांनी मुलाखतकार लॅरी किंग यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले. उपचारांनी काही काळ आराम पडला, पण २००५ मध्ये आजार उलटला. मे २००७ मध्ये डॉक्टरांनी उपचार थांबवल्याचे त्यांनी चाहत्यांना कळवले. १९ जुलै २००७ रोजी त्यांची शेवटची मुलाखत प्रसारित झाली. वजन ६५ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ३० किलोवर आले होते, आवाज घोगरा झाला होता, पण ओठ रंगवलेले आणि पापण्या जागच्या जागी होत्या. आजारपणाचे असे दर्शन अनेकांना बीभत्स वाटले. तसे वाटण्याचे कारण नव्हते. सगळे आयुष्य ज्या बाईने कॅमेऱ्यासमोर प्रार्थना केली, गाणी म्हटली आणि अश्रू ढाळले, तिने निरोपही तिथूनच घ्यावा, यात काही विपरीत नाही. दुसऱ्या दिवशी मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटीजवळच्या लॉक लॉइड येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. कॅन्ससमधील वॉल्ड्रन येथे त्यांच्या अस्थी पुरण्यात आल्या.

जिम बेकर यांनी १९९८ मध्ये पुन्हा लग्न केले आणि २००३ पासून मिसूरीतून पुन्हा धार्मिक कार्यक्रम सुरू केला. टॅमी फे यांच्याबद्दलचे कुतूहल मात्र त्यांच्या मृत्यूनंतर वाढले. माहितीपटावर आधारलेल्या, त्याच नावाच्या २०२१ च्या चित्रपटासाठी जेसिका चॅस्टेन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. रंगभूषा आणि केशभूषेचे ऑस्करही याच चित्रपटाला मिळाले. पीटर्स यांच्या मुलाखतीचा प्रसंग त्यात आहे. एल्टन जॉन यांचे संगीत असलेली संगीतिका २०२२ मध्ये लंडनला रंगमंचावर आली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर. तिथे ती डिसेंबरातच बंद झाली.