कीवर्ड की विषयशीर्षक? पर्यावरणावरचे शोधनिबंध शोधताना

१९७२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ यांनी सारगासो समुद्रावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कणांची नोंद केली. या विषयावरचे हे अगदी सुरुवातीचे काम. पण ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये नुसते ‘मायक्रोप्लास्टिक’ टाइप करणाऱ्याला ते सापडेलच असे नाही, कारण त्या निबंधात हा शब्दच नाही. तो रूढ झाला रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या निबंधानंतर.

कीवर्डने शोधण्याची मर्यादा इथेच आहे. कीवर्ड म्हणजे आपण टाकलेला शब्द. डेटाबेस तो शीर्षकात, सारांशात, कधी पूर्ण मजकुरात जुळवून पाहतो. लेखकाने तो वापरला असेल तर निबंध सापडतो, एरवी नाही. विषयशीर्षकाचे तसे नसते. निबंध कशाबद्दल आहे हे ठरवून त्याला एका ठरीव शब्दसूचीतले नाव लावलेले असते, मग लेखकाने काहीही शब्द वापरलेले असोत. अशा सूचीला थिसॉरस म्हणतात. वैद्यक आणि आरोग्यासाठी ‘मेश’ आहे, शेती, जंगल, मासेमारी यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ‘ॲग्रोव्हॉक’ आहे.

दोन्हींची गल्लत होते, कारण शोधचौकट बहुधा एकच असते. त्यात सारांशाखाली ‘कीवर्ड्स’ म्हणून छापलेले शब्द भर घालतात. ते लेखकाने स्वतः निवडलेले असतात, कोणत्याही सूचीतले असावेत असे बंधन नसते. त्यांना विषयशीर्षक समजू नये. वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधले ‘कीवर्ड्स प्लस’ आणखी वेगळे: निबंधाने ज्या संदर्भांचा आधार घेतला, त्यांच्या शीर्षकांतून संगणकाने वेचलेले शब्द.

पर्यावरणाच्या विषयांत हा फरक फार जाणवतो, कारण एकाच प्रश्नावर रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर, अर्थतज्ज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या भाषेत लिहितात. चुलीच्या धुराचेच घ्या. कुणी ‘बायोमास फ्युएल’ लिहितो, कुणी ‘कुकस्टोव्ह’, कुणी ‘हाउसहोल्ड स्मोक’. मेशमध्ये यासाठी ‘एअर पोल्युशन, इनडोअर’ हे शीर्षक आहे, आणि ते ‘एअर पोल्युशन’ या मोठ्या शीर्षकाच्या पोटात येते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमध्ये मोठे शीर्षक घेतले की पोटातलीही आपोआप येतात. कीवर्डने हेच साधायचे तर प्रत्येक पर्याय आठवून ‘ऑर’ने (OR, म्हणजे यांपैकी कोणताही चालेल) जोडावा लागतो. जलपर्णीवर शोधताना तर शास्त्रीय नावेही दोन टाकावी लागतात, जुने ‘आयकॉर्निया क्रॅसिपेस’ आणि आताचे ‘पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस’.

उलटा त्रासही होतो. शिसे या धातूचे इंग्रजी स्पेलिंग (lead) आणि ‘पुढे नेणे’ या क्रियापदाचे स्पेलिंग एकच असल्याने कीवर्डशोधात भलतेच निबंध ढिगाने येतात. विषयशीर्षक घेतले की धातूच उरतो.

म्हणून विषयशीर्षकच श्रेष्ठ, असे मात्र मी म्हणणार नाही. नवा विषय सूचीत यायला वेळ लागतो, आणि पर्यावरणात नवे विषय सतत येत असतात. पबमेडमधल्या कित्येक नोंदींना मेशचे शीर्षक कधीच लागत नाही, कारण ती नियतकालिके मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या मेश लावलेल्या मुख्य संग्रहात, नसतात. फक्त विषयशीर्षकांवर विसंबलो तर हे सगळे निसटते. शिवाय एका डेटाबेसचे शीर्षक दुसऱ्यात चालेलच असे नाही, प्रत्येकाची सूची निराळी असते. वेब ऑफ सायन्सच्या मुख्य संग्रहात तर अशी ठरीव शीर्षकेच नाहीत, तिथे सगळी भिस्त कीवर्डवर.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती पद्धत अशी. आधी मनातल्या शब्दांनी साधा शोध घ्यावा आणि अगदी नेमके दोन-तीन निबंध निवडावेत. त्यांची पूर्ण नोंद उघडून कोणती विषयशीर्षके लावली आहेत ते पाहावे. मग ती शीर्षके आणि आपले कीवर्ड ‘ऑर’ने जोडून पुन्हा शोधावे. दुसरी बाजू, उदाहरणार्थ ‘लहान मुले’, अशीच वेगळी बांधून ‘अँड’ने (AND, म्हणजे दोन्ही हवेत) जोडावी.

पबमेड वापरत असाल तर एक गोष्ट जरूर पाहा. साधा शब्द टाकला की ते जमेल तिथे मेशचे शीर्षक स्वतःच जोडून घेते. पण शब्द अवतरणचिन्हांत घातला किंवा शेवटी तारका (*) लावली, की ही सोय बंद होते. नेमकेपणासाठी दिलेल्या अवतरणचिन्हांमुळे निबंध एकदम का घटले, याचे कारण पुष्कळदा हेच असते. शोध प्रत्यक्षात कसा वाचला गेला ते ॲडव्हान्स्ड पानावर, शोधाच्या इतिहासातल्या तपशिलात दिसते.