टीकेची किंमत एक पॉइंट

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमर मंडळींची प्रश्नोत्तरांची साइट. तिथे नवं खातं उघडलं, की नावाशेजारी १ हा आकडा दिसतो, म्हणजे एक पॉइंट. पुढचे पॉइंट मुख्यतः इतरांच्या मतांतून मिळतात. एवढ्या भांडवलावर प्रश्न विचारता येतो, उत्तरही देता येतं. पण दुसऱ्याचं उत्तर आवडलं म्हणून त्याला अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, लगेच देता येत नसे. त्यासाठी बरीच वर्षं १५ पॉइंट लागत आले. इतरांच्या मजकुराखाली कमेंट करायला ५०, डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं मत, द्यायला १२५, कुणाचंही लिखाण थेट दुरुस्त करायला २०००. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ साली ही साइट सुरू केली. पुढे फेरबदल होत गेले, तरी पॉइंट मिळवा आणि अधिकार घ्या, हा पाया वर्षानुवर्षं टिकला.

नवख्या माणसाला हे जाचक वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण त्यामागे कारण आहे. इंटरनेटवर नाव फुकट मिळतं. एका नावाने बदनाम झालात, तर दोन मिनिटांत दुसरं नाव घेऊन कोरी पाटी मिळते. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेस्निक या संशोधकांनी २००१ साली खेळसिद्धांताच्या, म्हणजे डावपेचांच्या, गणिताने दाखवून दिलं, की नवं नाव असं फुकट मिळत असेल, तर समुदायाला प्रत्येक नवख्याकडे थोड्या संशयानेच पाहावं लागतं. तसं केलं नाही, तर बदनामीची कुणाला भीतीच उरत नाही. म्हणजे लबाडांचा भुर्दंड प्रामाणिक नवख्यांना बसतो. हा अन्याय आहे, पण तो पूर्णपणे टाळायची वाट अजून कुणाला सापडलेली नाही.

मुळात अनोळखी माणसं एकमेकांना मदत करतात तरी कशासाठी? मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड यांनी १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत याचं एक गणिती प्रारूप मांडलं. त्यातली दोन माणसं पुन्हा कधी भेटत नाहीत, त्यामुळे थेट परतफेड शक्य नसते. मात्र प्रत्येकाचा एक जाहीर आकडा असतो: मदत केली की तो वाढतो, नाकारली की घटतो. ज्याचा आकडा चांगला, त्यालाच मदत करायची, एवढा साधा नियम पाळला तरी त्या समाजात सहकार्य टिकतं.

या प्रारूपावर पुढे एक मोठा आक्षेप आला. एखाद्या लबाडाला मी मदत नाकारली, तर माझाही आकडा घटतो. शिक्षा करणाऱ्यालाच शिक्षा! मग ते काम अंगावर कोण घेईल?

हा प्रश्न कागदावरचा नाही. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर १९९६पासून खरेदीदार आणि विक्रेते एकमेकांना शेरे देत आले. त्या शेऱ्यांना खरंच किंमत असते. रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच विक्रेत्याची जुनी पोस्टकार्डं दोन प्रकारच्या खात्यांवरून विकून पाहिली, तेव्हा नावाजलेल्या खात्याला नव्या खात्यांपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त भाव मिळाला. पण १९९९ सालच्या व्यवहारांची त्यांनी तपासणी केली, तेव्हा खरेदीदारांच्या शेऱ्यांत वाईट शेरे शेकडा एकाहूनही कमी निघाले. सगळे व्यवहार इतके सुखाचे असणं कठीण. तुम्ही वाईट शेरा दिलात, की समोरचाही तुम्हाला तसाच शेरा चिकटवण्याची शक्यता होती; त्यामुळे नाराज माणसं गप्प बसत. शेवटी २००८ साली ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देण्याची सोयच काढून घेतली.

स्टॅक ओव्हरफ्लोने याच अडचणीवर काढलेला तोडगा मला फार आवडतो. तिथे मतदाराचं नाव दिसत नाही, म्हणून सूड घेणं अवघड. पण म्हणून टीका फुकटही ठेवलेली नाही. उत्तराला डाउनव्होट दिला, की उत्तर देणाऱ्याचे २ पॉइंट जातात आणि मत देणाऱ्याचाही १ जातो. हजारो पॉइंट असलेल्याला एक गेल्याचं काही वाटत नाही. पण सगळ्या उत्तरांवर सूड उगवत सुटणाऱ्याचा खिसा हळूहळू रिकामा होतो. (प्रश्नाला डाउनव्होट देणं मात्र फुकट आहे, कारण टाकाऊ प्रश्नांचा ढीग उपसणारी माणसं साइटला हवी असतात.)

कौतुकाची बाजू इतकी नीट सांभाळता येत नाही. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या साइटवर लाखभर कमेंट्सवर प्रयोग केला आणि २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष छापले. काही कमेंट्सना त्यांनी येताक्षणी, मजकूर न बघता, एक अपव्होट देऊन टाकला. त्या कमेंटला पुढच्या वाचकाकडून अपव्होट मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अशा कमेंट्सच्या अखेरच्या गुणांची सरासरी २५ टक्क्यांनी वर गेली. उलट मुद्दाम दिलेला डाउनव्होट लोकांनी बराचसा भरून काढला. चढत्या आकड्यामागे आपण मुकाट जातो, पडत्याची मात्र शहानिशा करतो.

या ओघाला आवर घालायला स्टॅक ओव्हरफ्लोवर मतांमधून दिवसाला २०० पॉइंटच मिळवता येतात. उत्तर कितीही गाजलं, तरी त्यापुढची मतं त्या दिवशी जमेस धरली जात नाहीत. तरीही प्रोग्रॅमर जॉन स्कीट यांनी जानेवारी २०१८मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला, तो गाठणारे ते पहिलेच. साइट सुरू झाल्यापासून तोवर साधारण ३४०० दिवस झाले होते, म्हणजे मर्यादेच्या हिशेबाने जेमतेम ६ लाख ८० हजार. उरलेले तीन लाखांवर पॉइंट मर्यादेबाहेरच्या वाटांनीच यावे लागतात, आणि त्यातली मुख्य वाट म्हणजे प्रश्नकर्त्याने ‘हेच उत्तर’ म्हणून केलेली निवड. अशा प्रत्येक निवडीचे १५ पॉइंट मिळतात.

पण एवढा मोठा आकडा विद्वत्तेचा दाखला म्हणून वाचू नये. रोज हजारोंना अडणाऱ्या सोप्या प्रश्नाचं दोन ओळींचं उत्तर वर्षानुवर्षं मतं गोळा करत राहतं. कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या, पोटात शिरून रात्रभर शोधलेल्या दोषाचं उत्तर समजणारेच चार जण असतात, मग मतंही चारच. शिवाय आकडा धोरणानेही हलतो. नोव्हेंबर २०१९मध्ये प्रश्नाच्या अपव्होटचे पॉइंट ५ वरून १० झाले, तेही मागच्या तारखेपासून. नवं अक्षरही न लिहिता प्रश्न विचारणाऱ्यांचे आकडे फुगले.

अवघड प्रश्नांसाठी तिथे एक सोय आहे, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. अडलेला माणूस स्वतःच्या खात्यातले ५० ते ५०० पॉइंट बक्षीस म्हणून लावू शकतो. प्रश्न मग आठवडाभर वेगळ्या यादीत झळकतो आणि उत्तम उत्तराला ते पॉइंट मिळतात. उत्तर आलंच नाही, तरी लावलेले पॉइंट परत मिळत नाहीत.